दोन बोटांचा ब्लूज: जॅझ गिटार शिकतानाचे पहिले वर्ष

मित्रांच्या घरगुती मैफलींत हिंदी-मराठी गाण्यांना कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) देत मी आठ वर्षे गिटार वाजवत होतो आणि तेवढ्या शिदोरीवर जॅझमधील उत्स्फूर्त वादन सहा महिन्यांत जमेल असा माझा समज होता. ज्या वर्गात प्रथम नाव घातले, तेथे तीन महिन्यांत सात मोड (एकाच स्केलचे, म्हणजे स्वरमालेचे, वेगवेगळ्या सुरांपासून सुरू होणारे प्रकार) आणि पेंटॅटॉनिक, म्हणजे पाच सुरांच्या, स्केलचे पाच आकार पाठ करून घेतले गेले. मी ते इमानेइतबारे घोटले. मात्र साथीचा ट्रॅक लावला की हातून निघे ते त्याच सुरांवरून वरखाली पळणे. सूर स्केलबाहेर जात नसे आणि वादनाला काही अर्थही येत नसे.

कारण उमगायला वेळ लागला, कारण कान आपल्या संगीतावर पोसलेला होता. रागसंगीतात तानपुऱ्याचा षड्ज मैफल संपेपर्यंत हलत नाही. गायक कितीही दूर गेला तरी घर जागेवर असते. जॅझमध्ये पायाखालची कॉर्ड दर एक-दोन बारनंतर (बार म्हणजे येथे चार मात्रांचा गट) बदलते आणि मघाशी विसाव्याचा वाटलेला सूर टोचू लागतो. एफ सुरावर बांधलेल्या ब्लूजमध्ये (बारा बारची फेरी पुन्हा पुन्हा वाजवायच्या साच्यात) ‘ए’ हा सूर एफ सेव्हन कॉर्डवर अगदी गोड लागतो; पाचव्या बारला बी फ्लॅट सेव्हन आल्यावर तोच धरून ठेवून पाहावा, म्हणजे मी काय म्हणतो ते लगेच कळेल.

पुढे ज्या सरांकडे गेलो, त्यांनी स्केल बाजूला ठेवायला लावून फक्त दोन बोटे मागितली. एक बोट चौथ्या तारेच्या सातव्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरील सातव्या घरात) आणि दुसरे तिसऱ्या तारेच्या आठव्या फ्रेटवर ठेवले की एफ सेव्हनचे, मूळ सूर एफपासून मोजलेले, तिसरा आणि सातवा हे दोन सूर मिळतात. मूळ सूर बेसवाला सांभाळतोच. हीच जोडी एक फ्रेट खाली सरकवली की बी फ्लॅट सेव्हन आणि मूळ जागेपासून एक फ्रेट वर नेली की सी सेव्हन. सर्वांत साध्या रूपात चार बार एफ, दोन बार बी फ्लॅट, दोन बार एफ, मग एकेक बार सी आणि बी फ्लॅट, शेवटी दोन बार एफ, अशी बारा बारची फेरी एवढ्या हालचालीत पूर्ण होते. पंधरा दिवस मी दुसरे काहीही वाजवले नाही. त्यानंतरचा धडा असा की, कॉर्ड बदलताना पहिल्या मात्रेवर या दोनपैकी एका सुरावर उतरायचे आणि तेथवर पोहोचायला आधीचे दोन-तीन सूर वापरायचे, त्यांतला शेवटचा हवा तर एक फ्रेट खालचा घ्यायचा. माझ्या वादनाला वाक्ये फुटली ती येथून.

फेरीतली जागा चुकणे हा नवख्याचा खरा शत्रू आहे. अठ्ठेचाळीस मात्रांचे आवर्तन मनात चालू राहावे म्हणून मिनिटाला १२० मात्रांच्या लयीसाठी मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारे यंत्र) ६० वर लावावा आणि त्याचा ठोका दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पडतो असे मानून वाजवावे. पहिल्या आठवड्यात चिडचिड होते, मग स्विंग, म्हणजे जॅझचा झुलता ठेका, अंगात उतरू लागतो. तो आपल्याला परका आहे असेही नाही. चिक चॉकलेट यांच्यासारखे गोव्याचे जॅझ वादक सी. रामचंद्र यांच्या वाद्यवृंदात होते आणि ती गाणी ऐकत आपल्या घरांतल्या दोन पिढ्या वाढल्या आहेत.

ऐकून बसवण्यासाठी मी जॅझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चनपासून सुरुवात केली. तो १९३९ मध्ये क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या ताफ्यात आला आणि १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, गेला. त्याच्या ओळी कॉर्डच्या आकारांभोवती फिरत असल्याने नवख्या हाताला सापडतात. नंतरचा नामवंत गिटारवादक वेस माँटगोमेरीसुद्धा त्याचेच सोलो ऐकून ऐकून शिकला होता. चार बार निवडावेत, वेग निम्मा करावा, आधी तोंडाने म्हणावेत आणि म्हणता आल्याशिवाय गिटारला हात लावू नये. टॅब (कोणत्या तारेवर कोणता फ्रेट दाबायचा हे दाखवणारी लिपी) शोधू नये असा माझा आग्रह आहे, कारण टॅब बोटांना शिकवतो आणि कान तसाच राहतो. पोकळ शरीराची महागडी गिटार मात्र लागत नाही. साध्या इलेक्ट्रिक गिटारचा मानेकडचा पिकअप (तारांची कंपने टिपणारा भाग) निवडून टोन थोडा कमी केला की भागते.

अकराव्या महिन्यात एका जॅम सत्रात, म्हणजे वादकांच्या उत्स्फूर्त एकत्र वादनात, मला ब्लूजच्या दोन फेऱ्या मिळाल्या. पहिल्या फेरीत सातव्या बारपाशी जागा चुकली आणि बोटे जुन्या सवयीने पेंटॅटॉनिकमध्ये पळू लागली. मी हात थांबवला. नवी फेरी सुरू होताना बेसवाल्याने पहिल्या मात्रेवर माझ्याकडे पाहून मान हलवली आणि मी सातव्या फ्रेटवर उतरलो. त्या फेरीत जेमतेम वीस सूर वाजवले असतील; घरी जाताना ते सगळे मला गुणगुणता येत होते.