मुलांमधील मंत्रचळ : घराण्याचा इतिहास कसा विचारात घ्यावा

फवारणी करून आलेल्या बापाने हात चोळून धुणे हा मंत्रचळ नव्हे. पण मूल कातडी सोलवटेपर्यंत हात धूत असेल, कडी पुन्हापुन्हा तपासत असेल आणि त्यात रोज तासाहून अधिक वेळ जाऊन शाळा व झोप बिघडत असेल, तर त्याची नोंद वहीत ठेवावी.

मग आई-वडील, भावंडे, आजी, मामा यांच्यापैकी कोणाला असा त्रास, नकळत मान झटकण्याची किंवा डोळे मिचकावण्याची सवय (टिक) किंवा अतिचिंता होती का, हे शांतपणे विचारावे. ‘सोवळ्याची फार’ म्हणून सोडून दिलेली आजीही यात धरावी. लहानपणी सुरू होणाऱ्या मंत्रचळात (इंग्रजीत ओसीडी) आनुवंशिकतेचा वाटा जुळ्यांच्या अभ्यासांत साधारण ४५ ते ६५ टक्के आढळतो. मात्र हा आकडा लोकालोकांतील फरकापैकी किती भाग आनुवंशिक आहे एवढेच सांगतो; तो एखाद्या मुलाला आजार होण्याच्या शक्यतेचा नाही. या आजारामागे एकच जनुक नसल्याने रक्ततपासणीवर पैसे घालवू नयेत, सोयरिकीच्या भीतीने ही माहिती लपवूही नये.

वही घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जावे. तत्पूर्वी १४४१६ या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर मराठीत बोलता येते. भीतीला हळूहळू सामोरे जाऊन कृती रोखण्याचा सराव हा मुख्य उपचार असून गरजेनुसार औषधे दिली जातात.