बोलावण्याआधी औषधाचं विचारा

परदेशातल्या एका परिषदेच्या तिसऱ्या दिवशी 'सामाजिक समावेशन' या विषयावरचं सत्र ऐन रंगात आलेलं असताना आमचे सहकारी भाऊ व्यासपीठावरून उठले आणि बाहेर गेले. पाणी प्यायला गेले असतील म्हणून मी दहा मिनिटं वाट पाहिली. मग शोधत निघाले तर ते जिन्याच्या पायरीवर बसलेले. एवढ्या गारव्यात शर्ट घामाने ओला, हातांवर काटा, नाक गळतंय, जांभयांवर जांभया. ओएसटी केंद्रावर, म्हणजे हेरॉइनसारख्या व्यसनावर रोज पर्यायी औषध देतात तिथे, ज्याने आठवडाभर काढलाय त्याला पुढचं सांगायला नको. भाऊंना टर्की, म्हणजे डोस चुकल्यावरचा त्रास, लागली होती, आणि ती माझ्यामुळे लागली होती.

ड्रग्जमुळे होणारी हानी कमी करण्याच्या या कामात तुम्ही उतरताय, तेव्हा सुई-सिरिंज कार्यक्रम (स्वच्छ सुया वाटणं), ओएसटी, नॅलोक्सोन (ओव्हरडोसवरचा उतारा), हिपॅटायटिस सी हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. अमली पदार्थांवरचे संयुक्त राष्ट्रांचे 1961, 1971 आणि 1988 चे तीन करारही वाचलेले असतील. नसतील तर वाचा, एक रविवार पुरतो. मला ते पाठ होते. ओएसटीत देतात त्या औषधांपैकी मेथाडोन 1961 च्या कराराच्या पहिल्या अनुसूचीत (नियंत्रित पदार्थांच्या यादीत) आणि ब्युप्रेनॉर्फिन 1971 च्या कराराच्या तिसऱ्या अनुसूचीत, हे मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. दोन्ही औषधं 2005 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, हेही. फक्त त्या अनुसूचीतली बाटली कुणाच्या तरी बॅगेत असते आणि ती बॅग विमानतळावर उघडली जाते, एवढं डोक्यात आलं नाही.

झालं होतं असं. तीन देशांतल्या संस्थांचा एकत्र प्रकल्प. निमंत्रणं, तिकिटं, व्हिसा, हॉटेल माझ्याकडे. भाऊ आमचे पिअर वर्कर, म्हणजे स्वतः यातून गेलेले कार्यकर्ते, नऊ वर्षं मेथाडोनवर, रोज सकाळी केंद्राच्या खिडकीसमोर उभं राहून डोस घेणारे. प्रकल्पाच्या प्रस्तावात 'अर्थपूर्ण सहभाग' हे शब्द चारदा आले होते, त्यातले तीनदा मी लिहिलेले. यजमान संस्थेला वाटलं, औषधाचं पाहुणे बघतील. डॉक्टरांना वाटलं, परवानगी आयोजक काढतील. मला वाटलं, ते डॉक्टरांचं काम. भाऊंनी तीन आठवडे आधी विचारलंही होतं, "ताई, माझ्या डोसचं काय?" मी म्हणाले, "होईल हो भाऊ, बघते." त्या 'बघते'ची आठवण झाली की अजून कान तापतात.

निघायच्या चार दिवस आधी कळलं की त्या देशात मेथाडोन न्यायला तिथल्या आरोग्य खात्याची आगाऊ लेखी परवानगी लागते. ती चार दिवसांत मिळणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, जाणं रद्द करू. भाऊ म्हणाले, "आमच्यातला कुणीतरी तिथे बोलायला नको? काढतो चार दिवस." शेवटचा डोस निघायच्या सकाळी केंद्रावर घेतला. मेथाडोन शरीरात बराच काळ टिकतं, त्यामुळे पहिला दिवस मजेत गेला आणि मी उगाच निश्चिंत झाले. हेरॉइनची टर्की काही तासांत चढते. मेथाडोनची उशिरा येते, पण रेंगाळते.

आता नीट ऐका. कंटाळा आला तरी हा भाग सोडू नका.

निमंत्रणाची तारीख ठरायच्या आधी तीन गोष्टी लेखी मिळवा. पहिली, त्या देशात हे औषध मुळात कायदेशीर आहे का? रशियात मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन दोन्हींच्या ओएसटीवर बंदी आहे. तिथे डॉक्टरचं पत्र दाखवून काही होत नाही. दुसरी, किती दिवसांचा साठा चालतो आणि परवानगी कोण देतं? आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण मंडळ प्रवाशांसाठी देशांचे नियम गोळा करतं. सुरुवात तिथून करा, पण शेवटचा शब्द दूतावासाकडून कागदावर घ्या, फोनवर नको. युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या, म्हणजे शेंगेन देशांत राहणाऱ्यांना त्या देशांमध्ये फिरताना जो तीस दिवसांचा दाखला मिळतो, तो बाहेरून येणाऱ्याच्या उपयोगाचा नाही. यातही माणसं फसतात. तिसरी, औषध नेता येत नसेल तर तिथल्याच एखाद्या केंद्रावर रोजचा डोस मिळेल का? दोन्हीकडच्या डॉक्टरांचं बोलणं झालं तर बऱ्याच ठिकाणी ही सोय होते. आमच्या वेळीही झाली असती. यजमानांचं केंद्र सभागृहापासून चालत वीस मिनिटांवर होतं, आणि ते मला चौथ्या दिवशी कळलं.

औषध नेत असाल तर मूळ लेबलची बाटली, हातातल्या सामानात. डॉक्टरच्या पत्रात औषधाचं मूळ नाव, रोजचा डोस, किती दिवसांचा, एकूण किती. 'उपचार चालू आहेत' असल्या मोघम ओळीवर कुठलाही अधिकारी विश्वास ठेवत नाही.

आणि परतल्यावरचं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. काही दिवस डोस चुकला की शरीराची सवय उतरते. मग पुन्हा जुनाच डोस, किंवा टर्की सोसवेना म्हणून रस्त्यावरचा माल जुन्याच मापात घेतला, तर श्वास थांबू शकतो. तुरुंगातून सुटल्यावरचे पहिले दोन आठवडे याच कारणाने जीवघेणे असतात. डोस पुन्हा किती आणि कसा चढवायचा हे डॉक्टरच ठरवतील, पण आल्या दिवशी माणसाला केंद्रावर नेणं आणि चुकलेले दिवस खरे सांगणं तुमच्याकडे. नॅलोक्सोन जवळ ठेवा, आणि त्याचा असर मेथाडोनच्या आधी संपतो हे विसरू नका. एकदा माणूस शुद्धीवर आला म्हणून त्याला एकट्याला सोडून जायचं नाही.

घाबरवलं का? थोडं घाबरलेलं बरं. पण या एका चुकीने कुणी या कामातून बाद होत नाही. मी झाले नाही. भाऊंनी महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं, मग एक दिवस स्वतःच चहा घेऊन आले.

व्हिसाचं थोडक्यात. अर्जात अमली पदार्थांबद्दलचा किंवा जुन्या गुन्ह्याचा प्रश्न असतो. खोटं लिहायला सांगू नका, वकिलाला विचारा. 2012 मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय एड्स परिषद भरली, तेव्हा अमेरिकेच्या प्रवेश नियमांमुळे सेक्स वर्कर आणि ड्रग्ज वापरणाऱ्या अनेकांना जाता येईना. सेक्स वर्करांनी कोलकात्यात स्वतःचा मेळावा भरवला. ज्यांच्याबद्दल परिषद, तेच दाराबाहेर. हे सगळं ठाऊक असूनही मी भाऊंसाठी तसलंच दार उभं केलं होतं.

हे काम कुणाकडून शिकावं, त्या मार्गदर्शकाबद्दल माझं मत जरा कडवट आहे, चालवून घ्या. ज्याच्या गळ्यात वीस परिषदांची ओळखपत्रं लटकतात त्याच्या मागे लागू नका. सकाळी सात वाजता डोसच्या खिडकीपाशी जो उभा असतो, ज्याला रांगेतल्या माणसांची नावं माहीत असतात, तो शोधा. दोन आठवड्यांची ऑनलाइन प्रमाणपत्रं खुशाल करा, अर्जात बरी दिसतात. पण एक सिरिंज कुणाला हातात देऊन त्याच्याशी दोन वाक्यं नीट बोलता येणं त्यात शिकवत नाहीत. आणि मराठीत बोलताना 'गर्दुल्ला' हा शब्द आधी तोंडातून काढा. अहवालात 'ड्रग्ज वापरणारी व्यक्ती' लिहायचं आणि जेवताना 'गर्दुल्ले' म्हणायचं, हे समोरच्याला कळतं.

काम हळू चालतं, हे मान्य. व्हिएन्नात संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाच्या ठरावात 'हार्म रिडक्शन' (हानी कमी करणं) हे शब्द पहिल्यांदा आले ते मार्च 2024 मध्ये, तेही मतदान घेऊन. आयोग 1946 चा! जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांनी मिळून सुया, ओएसटी धरून नऊ उपायांचा संच 2009 मध्येच मांडला होता, तरी दोन शब्दांना एवढी वर्षं लागली. म्हणून पहिल्या वर्षी काही हललं नाही तर स्वतःला दोष देत बसू नका.

आता आमच्या नोंदणी अर्जात एक प्रश्न असतो: 'प्रवासात कोणतं औषध सोबत लागतं?' तो प्रत्येकाला विचारतो, मंत्रालयातल्या माणसालाही, म्हणजे कुणी एकटा वेगळा पडत नाही. उत्तर आमच्यातली फक्त एकजण वाचते आणि काम झालं की खोडते. पहिल्याच वर्षी एका बड्या अधिकाऱ्यांनी फोन करून विचारलं, हे कशाला? त्यांची झोपेची गोळी डायझेपामची होती. तीही 1971 च्या अनुसूचीत आहे, तुम्हालाही डॉक्टरचं पत्र लागेल, असं सांगितल्यावर पलीकडे बराच वेळ शांतता होती. भाऊ शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "साहेबांना सांगा, मूळ लेबलची बाटली, हातातल्या सामानात."