टिंकरिंग लॅबमध्ये सहावी ते आठवीला शिकवताय? मग या चुका टाळा

शाळेला अटल टिंकरिंग लॅब (मुलांनी रोबोट, सेन्सर, कोडिंग हाताने करून बघायची प्रयोगशाळा) मिळाली की सुरुवातीला उत्साह भरपूर असतो. किट येतात, उद्घाटन होतं, लाइन फॉलोअर रोबोट काळ्या पट्टीवरून फिरतो, सगळे टाळ्या वाजवतात आणि मग हळूहळू सगळं सामान कपाटात जातं आणि कपाटाला कुलूप लागतं, कारण "मुलं खराब करतील". सगळ्यात महाग चूक हीच. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनचं २० लाखांपर्यंतचं अनुदान येतं ना, त्यातले साधारण १० लाख लॅब उभारायला असतात आणि उरलेले पुढच्या पाच वर्षांत ती चालवायला. म्हणजे जळालेले एलईडी, तुटलेल्या जंपर वायरी, उडालेले सेन्सर हे धरूनच चाललंय. एलईडी दोन-तीन रुपयांना मिळतो, तो जळाला म्हणून पोराला ओरडलात तर पुढच्या वेळी ते हातच लावणार नाही.

दुसरी चूक म्हणजे प्रोजेक्ट "काढून देणं". कुठल्याही विज्ञान प्रदर्शनात बघा, स्मार्ट डस्टबिन, अंधांसाठी काठी, झाडाला आपोआप पाणी, हे तिन्ही असतातच. प्रोजेक्टमध्ये वाईट काही नाही हो, पण कोड मेंटरने लिहिलेला, वायरिंग मेंटरने केलेलं आणि मुलाने फक्त भाषण पाठ केलेलं, असं असेल तर त्यात शिकणं कुठे झालं? एक साधी परीक्षा घ्या. हात २० सेंटीमीटरवर आला की डस्टबिनचं झाकण उघडतंय ना, मग मुलाला सांगा की आता ४० ला उघडायला लाव. ते कोडमध्ये ती ओळ शोधायला लागलं तर शिकलंय, तुमच्या तोंडाकडे बघायला लागलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा. आणि विषय आजूबाजूचा घ्या. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात त्याचे संस्थापक डॉ. कलबागांनी १९८३ पासून हेच केलं, गावाला लागणारी कामं मुलांनी हाताने करायची आणि त्यातून विज्ञान शिकायचं. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी (डिजिटल यंत्रांनी वस्तू बनवायच्या कार्यशाळांपैकी) एक त्याच पाबळमध्ये उभी राहिली. शाळेची पाण्याची टाकी भरून वाहतेय हे रोज दिसत असेल तर लेव्हल अलार्म करा ना, त्याची गरज मुलांना समजावून सांगावी लागत नाही.

"सर, चालत नाहीये!"

इथे मात्र मी जरा थांबणार आहे, कारण माझ्या मते या वयात कॉम्प्युटर सायन्स आणि इंजिनिअरिंग शिकवायचं म्हणजे मुख्यतः बिघाड शोधायला शिकवायचं. मूल हाक मारतं, आपण जातो, वायर या भोकातून त्या भोकात टाकतो, दिवा लागतो, मूल खुश, आपण खुश, आणि मूल काय शिकलं तर अडलं की सरांना बोलवायचं. हात मागे ठेवा. मला बोलवायच्या आधी तीन गोष्टी सांगायच्या असा नियमच करून टाका: काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय होतंय, आणि तू काय काय तपासलंस. अर्ध्या वेळा हे सांगता सांगताच मुलाला चूक सापडते. दुसरं, मल्टीमीटर मुलांच्या हातात द्या. बहुतेक लॅबमध्ये तो डब्यातच असतो, आणि खरं तर सहावीतलं पोर कंटिन्युइटीचा (तार सलग आहे हे सांगणारा) बीप ऐकून तुटलेली वायर आरामात शोधतं.

आता नेहमीचे बिघाड, जे सगळ्यांकडे होतात.

कोड अपलोड होत नाही: आधी केबल बदलून बघा, नुसत्या चार्जिंगच्या केबल सर्रास मिसळलेल्या असतात आणि त्यात डेटाच्या तारा नसतात. मग कॉम्प्युटरवर बोर्ड (किटमधलं कोडवर चालणारं आर्डुइनोचं छोटं सर्किट) आणि पोर्ट नीट निवडलंय का बघा. स्वस्तातल्या आर्डुइनो ऊनो बोर्डवर बऱ्याचदा सीएच३४० चिप असते, तिचा ड्रायव्हर (सॉफ्टवेअर) त्या कॉम्प्युटरवर नसेल तर पोर्ट दिसणारच नाही. आणि ० किंवा १ नंबरच्या पिनला काही जोडलं असेल तर ते काढा, अपलोड त्याच पिनांवरून होतो.

एलईडी लागत नाही: लांब पाय प्लसला आहे का, दोन्ही पाय ब्रेडबोर्डच्या (वायरी खुपसायच्या भोकांच्या पाटीच्या) आतून जोडलेल्या एकाच पाच भोकांच्या ओळीत तर खुपसले नाहीत ना, आणि मोठ्या ब्रेडबोर्डची कडेची लाल-निळी पट्टी आतून मध्यावर जोडलेली नसू शकते हे मुलांना माहितीये का. रेझिस्टर लावायलाच हवा, ५ व्होल्टवर २२० ओहम चालतो.

मोटर: ही चूक बोर्डालाच महागात पडते. मोटर थेट पिनला जोडायची नाही म्हणजे नाही. ऊनोच्या एका पिनने साधारण २० मिलिअँपिअर द्यावेत आणि ती पिवळी बीओ मोटर (छोट्या गाडीची गिअरवाली मोटर) सुरू होतानाच त्याच्या कितीतरी पट मागते. मध्ये एल२९३डी किंवा एल२९८एन मोटर ड्रायव्हर (बॅटरीचा करंट मोटरला पुरवणारं सर्किट) पाहिजेच. ड्रायव्हर लावूनही गाडी हलत नसेल तर बॅटरी बघा. ती चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी मोटरसाठी नाहीच, तिला एवढा करंट झेपत नाही, आणि वर एल२९८एन स्वतःच दोन-एक व्होल्ट खातो, म्हणून सहा व्होल्ट दिले तर मोटरपर्यंत चारच्या आसपास पोचतात. बॅटरीचा मायनस आणि बोर्डाचा ग्राउंड एकत्र जोडलेला नसेल तर वेड्यासारखं काहीही होतं, त्यामुळे तो सगळ्यात आधी तपासा. सर्व्हो (ठरावीक कोनात फिरणारी मोटर) फिरताना बोर्ड रीसेट होत असेल तर पॉवर पुरत नाहीये, सर्व्होला वेगळी द्या.

बटण न दाबता दाबल्यासारखं वागतं: पिन हवेत लटकतेय. कोडमध्ये पुल-अप (पिनला एरवी 'एक'वर धरून ठेवणारा आतला रेझिस्टर) चालू करा, पण मग दाबल्यावर शून्य येतं आणि सोडल्यावर एक, हे उलटं गणित मुलांना आधीच दाखवा.

अल्ट्रासोनिक सेन्सर (आवाजाच्या लाटांनी अंतर मोजणारा) दुप्पट अंतर दाखवतोय: हा बिघाड तर मला आवडतो, लगेच सुधारू नका. मुलाला पट्टी घेऊन मोजायला लावा. १५ सेंटीमीटरला ३० का येतायत? आवाज जातो आणि परतही येतो, हे त्याचं त्याला सुचू द्या, मग दोनने भागायचं कारण त्याला कधीच पाठ करावं लागणार नाही. (२ सेंटीमीटरच्या आत किंवा मऊ कापडावर तो चुकीचंच सांगतो, तिथे मुलाची चूक नाही.)

मातीतला ओलावा मोजणारा दोन काट्यांचा सेन्सर सतत चालू ठेवला तर काही दिवसांत काटे गंजून जातात. त्याला एका डिजिटल पिनवरून वाचण्यापुरतीच पॉवर द्या, नाहीतर कपॅसिटिव्ह सेन्सर (ज्यात धातू उघडा नसतो) घ्या.

कोडिंगकडे वळू. सहावीला पहिल्याच दिवशी टाइप करायचा कोड देऊ नका, ब्लॉकने (स्क्रॅचसारखे कोडचे ठोकळे जोडून) सुरू करा. पण एक गोम लक्षात ठेवा, स्क्रॅचमध्ये दोन स्क्रिप्ट एकाच वेळी चालतात आणि आर्डुइनोत लूप एकच असतो. त्यामुळे मूल ट्रॅफिक सिग्नल करतं, त्यात पादचाऱ्यांसाठी बटण लावतं, आणि बटण दाबूनही काहीच होत नाही, कारण बोर्ड पाच सेकंदांच्या डिलेमध्ये (थांबण्याच्या आज्ञेत) अडकलेला असतो. इथे वर्गात नाटक करा. एका मुलाला बोर्ड बनवा, त्याने कोडची एकेक ओळ वाचून तेवढंच करायचं, डिले आला की डोळे मिटून पाच अंक मोजायचे, आणि त्याच वेळी दुसऱ्याने बटण दाबायचं. सगळ्या वर्गाला कळतं, आणि न थांबता मिलिसने (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणाऱ्या आज्ञेने) वेळ बघायची युक्ती आठवीला शिकवताना हेच नाटक पुन्हा उपयोगी पडतं.

मराठी माध्यमाच्या मुलांना कोडपेक्षा एररच्या इंग्रजीची भीती जास्त वाटते. नेहमीचे सात-आठ एरर आणि त्यांचा अर्थ मुलांच्याच शब्दांत तक्त्यावर लिहून भिंतीवर लावा. सेमीकोलन राहिला की एरर बऱ्याचदा पुढच्या ओळीवर दिसतो, हे त्यात पाहिजेच. कुठून तरी कॉपी केलेल्या कोडमध्ये वळलेले अवतरणचिन्ह आले की 'स्ट्रे' असं काहीतरी येतं, ते चिन्ह हाताने पुन्हा टाइप केलं की मिटतं. व्हेरिएबलची नावं अंतर, दिवा, वेग अशी ठेवू द्या, रोमन लिपीत लिहिली की कंपायलरला काही फरक पडत नाही आणि मुलाला कोड आपला वाटतो.

गट पाडताना तर डोळे उघडे ठेवाच. एका किटवर सहा जण बसवले की एक मुलगा वायरी लावतो, दुसरा त्याला सांगतो आणि मुली वहीत लिहितात किंवा थर्माकोल रंगवतात. हे मला अजिबात पटत नाही, आणि आपोआप सुधारतही नाही. तिघांचा गट करा, वायरिंग, कोड आणि मीटर अशी कामं वाटा आणि दर तासाला बदला, काहीही झालं तरी बदला.

थ्रीडी प्रिंटरवर डाउनलोड केलेल्या कीचेन छापत बसू नका, टिंकरकॅडमध्ये (थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) मुलांना स्वतः मोजमाप घेऊन काहीतरी करू द्या, सेन्सर बसवायची क्लिप का असेना. पहिला थर चिकटत नसेल तर बेड पुसून कागदाच्या जाडीने लेव्हल करा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, पीएलए (प्रिंटरच्या रिळावरचं प्लास्टिक) ओल धरतं, मग प्रिंट होताना फुटफुट आवाज येतो आणि कोळिष्टकासारखे धागे सुटतात. रीळ हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

सुरक्षेत तडजोड नको. सोल्डर गनचं टोक ३५० अंशांपर्यंत तापतं, त्यामुळे गॉगल घालून, खिडकी उघडून, मोठं माणूस शेजारी असतानाच, आणि नंतर साबणाने हात धुवायचे कारण बऱ्याच सोल्डरमध्ये शिसं असतं. रिले (बोर्डाने चालू-बंद होणारा स्विच) लावून घरचा २३० व्होल्टचा बल्ब चालवणं या वयात बंदच, प्रदर्शनात कितीही छान दिसत असलं तरी. तेच १२ व्होल्टच्या एलईडी पट्टीवर दाखवता येतं. लिथियमचे सेल मुलांच्या हातात सुटे देऊ नका.

आणि मे महिन्याच्या सुट्टीआधी रिमोट, मीटर, गाड्या सगळ्यांतले सेल काढून ठेवा, ते गळले की स्प्रिंग गंजतात आणि जूनमधला पहिला आठवडा दुरुस्तीतच जातो.