नळाचं पाणी आणि शौचालय: गावोगाव होणाऱ्या या चुका टाळा

नळयोजनेचं उद्घाटन झालं की गावात पेढे वाटले जातात आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच गावातून जुलाबाचे रुग्ण दवाखान्यात पोचतात. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं, माणशी रोज ५५ लिटर पाणी ठरलं, टाक्या उभ्या राहिल्या. धुळे, जळगाव, नंदुरबार, कुठेही जा, घोळ होतो तो बांधकाम संपल्यानंतरच्या रोजच्या कामात. तेच ते घोळ बघून जीव विटला आहे, म्हणून लिहितोय.

टाकीखालीच ओटी टेस्ट करणं

शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावात पहिल्या पावसानंतर खालच्या गल्लीत जुलाब सुरू झाले. ग्रामपंचायतीने रजिस्टर पुढे केलं: टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, रोज पडते, टाकीजवळच्या नळाच्या पाण्यात ओटीचे (क्लोरीन तपासायच्या औषधाचे) थेंब टाकले की पिवळा रंग येतो. तो खरंच येत होता. मी शेवटच्या घराच्या नळाचं पाणी घेऊन ओटीचे थेंब टाकले, तर रंगाचा पत्ता नाही. मग लाइनीच्या कडेकडेने चालत निघालो. वरच्या गल्लीत जवळपास प्रत्येक ओट्याखाली टिल्लू पंप, म्हणजे नळाला जोडून पाणी ओढणारी छोटी मोटर. पाणी येणार चार दिवसांआड, तेही तासभर. मग ज्याची मोटर मोठी त्याची टाकी आधी भरते. या मोटरी ओढायला लागल्या की खालच्या लाइनीत दाब राहत नाही, उलट आत खेच बसते. त्यात लाइन गटारातून गेलेली आणि एका कनेक्शनच्या सांध्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला. पावसाने गटार तुंबलं आणि ते पाणी त्या सांध्यातून थेट हंड्यात गेलं.

तेव्हा टेस्ट करायची ती शेवटच्या नळावर, पाणी सुटल्या सुटल्या, कारण बंद लाइनीत शिरलेली घाण सगळ्यांत आधी बाहेर येते. तिथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. भारतीय मानक आयएस १०५०० हेच सांगतं. गटार ओलांडणारं प्रत्येक कनेक्शन वरून घ्या. टिल्लू पंपांबद्दल मी ग्रामसभेत उघड बोलतो आणि लोक रागावतात. पण शेजाऱ्याच्या लेकराच्या पोटात गटार जाणार असेल तर मोटर आपल्या पैशाची आहे हे उत्तर मला मान्य नाही. पाणी सोडायच्या वेळेत त्या भागाची वीज बंद ठेवली तर जप्ती-भांडणाशिवाय काम होतं.

टीसीएल पावडर कोरडीच टाकीत ओतणं

“पानी तं साफ दिखस, मंग पावडर कसाले?” असं विचारणाऱ्या आजीबाईंना मी बसून समजावतो. पण जलसुरक्षकाने, म्हणजे गावच्या पाण्यात पावडर टाकणाऱ्या माणसाने, पोतं टाकीच्या तोंडाशी उघडं ठेवलेलं दिसलं की राग आवरत नाही. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं आणि खानदेशच्या उन्हात उघड्या पोत्यातून ते उडून जातं. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरण्यात अर्थ नाही. १,००० लिटरला ५ ग्रॅम मोजून घ्या, प्लास्टिकच्या बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी टाकीत सोडा आणि अर्धा तास थांबून मगच व्हॉल्व्ह उघडा. ही अर्ध्या तासाची घाई जो करतो त्याने पावडर वाया घालवली.

शोषखड्ड्याला आतून प्लास्टर

गवंड्याला वाटतं, पक्कं काम म्हणजे प्लास्टर. अमळनेरकडच्या एका वस्तीत शौचालयाचे दोन्ही शोषखड्डे असे गुळगुळीत करून दिले होते, तळाला कॉंक्रीटसुद्धा. पाणी मुरायला वाटच नाही. काही महिन्यांत खड्डे भरले, घरची माणसं पुन्हा डबा घेऊन शेतात जाऊ लागली आणि शौचालयात गोवऱ्या भरल्या गेल्या. मग सगळे म्हणणार, “लोकांना सवयच नाही.” सवय होती, खड्डा चुकला होता.

भिंत जाळीच्या, म्हणजे मध्ये फटी ठेवून रचलेल्या विटांची, तळ कच्चा, साधारण सव्वातीन फूट रुंद आणि चार फूट खोल. तापीकाठच्या काळ्या जमिनीत आणखी एक काम करावंच लागतं. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंत दाबते. म्हणून विटांच्या बाहेरून फूटभर वाळू किंवा बारीक खडी भरा. हा खर्च वाचवणाऱ्या ठेकेदाराशी वाद घाला. एका वेळी एकच खड्डा चालू ठेवा. भरला की चेंबरमधून मैला दुसऱ्याकडे वळवा आणि पहिल्याला दोन वर्षं हात लावू नका; मग निघतं ते सुकं, वास नसलेलं खत. चेंबरची दोन्ही तोंडं उघडी ठेवली तर दोन्ही खड्डे एकदम भरतात आणि मग ओला मैला उपसायला कुणाला तरी आत उतरवलं जातं. हे कुठल्याही गावाने होऊ देऊ नये. विहीर-बोअरपासून मी ५० फूट सोडतो.

आटलं की आणखी खोल बोअर

धुळे-साक्रीकडच्या काळ्या पाषाणात पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. खाली अखंड दगड लागला की पुढचे फूट म्हणजे नुसती धूळ आणि बिल. यावल-रावेरकडे गाळाची जमीन आहे, तिथे केळीसाठी इतका उपसा झालाय की पातळी खोल गेली. नवी बोअर शेजारच्याचंच पाणी ओढते. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले रुंद-खोल करून बंधाऱ्यांची साखळी केली आणि विहिरींना पाणी आलं. पण सरसकट नक्कल करू नका. आधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून जागा बघून घ्या.

आणखी दोन गोष्टी. विकतच्या जारचं पाणी थंड असतं म्हणून शुद्ध ठरत नाही. पाणीपट्टी थकली की नळयोजनेचं वीजबिल थकतं आणि कनेक्शन तुटतं.

आरोग्य विभाग पावसाळ्याआधी आणि नंतर स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतो. आपल्या गावाचं कोणतं, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा. लाल असेल तर कारण लेखी मागा आणि दुरुस्तीची तारीख इतिवृत्तात लिहून घ्या.