मायशी फोटोत बोलायचं कसं

माझी माय वाचत नाही. दोन वर्षांपूर्वी कानही गेले, म्हणजे व्हॉइस मेसेज बाद. ती यावलकडे खेड्यावर, मी जळगावात. फोन लावला तर ती बोलते, मी ऐकते. माझं तिला काही कळत नाही. म्हणून आम्ही नेटवरच्या फोटोंत बोलतो. तुमच्या घरी असं कोणी असेल तर आमच्या चुका तेवढ्या टाळा.

आधी माइक शिकवा. गुगलचा माइक दाबून मराठीत नाव घेतलं की फोटो येतात. मग फोटो दाबून धरायचा, ‘शेअर’च्या खुणेवर बोट, मग यादीतल्या माझ्या तोंडावर बोट. यात माझा अख्खा रविवार गेला.

अक्षरं असलेला फोटो धाडायचा नाही. माझ्या लेकाच्या वाढदिवसाला मायनं झेंडूच्या हाराचा फोटो धाडला, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. तिला ती नक्षी वाटली.

वस्तू सोप्या वाटतात, पण फसगत तिथंच होते. गुगलनं फोटो शोधायची सोय २००१ साली काढली, तीही म्हणे अमेरिकन गायिका जेनिफर लोपेझच्या हिरव्या ड्रेसपायी. लोक तो फोटो शोधून शोधून थकले होते. आमचं बामणोदचं, भरताचं हिरवं वांगं मात्र त्यात पटकन सापडत नाही, जांभळीच पुढं येतात. मायनं जांभळं धाडलं, मी रस्सा समजले. तिला म्हणायचं होतं, भरीत करते, ये. आता ती नुसता पेटलेल्या काड्यांचा फोटो धाडते. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या काड्या, पेटल्या की भरीत, एवढं खान्देशात कोणालाही कळतं. तेव्हा वस्तू दाखवू नका, तिचं काय होणार ते दाखवा.

घड्याळ तर अजिबात नको. ‘उशीर होईल’ म्हणून मी एकदा घड्याळ धाडलं. जाहिरातीतल्या घड्याळांचे काटे बहुतेक दहा वाजून दहा मिनिटांवरच असतात, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मायनं नीट वेळ वाचली. मे महिन्याचं ऊन, आणि तिचा फोन आला, “मी कव्हाची ष्टँडवर उभी हाये!” तेव्हापासून वेळ सांगायची ती सूर्यानं. उगवता, डोक्यावरचा, मावळता. त्याहून बारीक वेळ आम्हाला लागतही नाही.

वारांना देव. महादेवाची पिंड सोमवार, गणपती मंगळवार, दत्त गुरुवार, मारुती शनिवार. बुधवारी गावचा बाजार, म्हणून भाजीची पाटी. फक्त एक गोष्ट आधी ठरवून घ्या: देव एकटा आला तर तो नमस्कार, त्याच्यामागून लाल एसटी आली तरच तो वार. हे ठरलं नव्हतं तेव्हा माझ्या मारुतीला मायनं तीन उदबत्त्या धाडल्या आणि शनिवारी मी गेले तर दाराला कुलूप.

ते कुलूपच आमचं ‘नाही’ झालं. लाल फुलीचा तिला काही बोध होत नाही, कुलपाचा होतो. मारुती, एसटी, कुलूप: शनिवारी येणं जमत नाही.

फोटो एकेक करून धाडा. एकदम चार-पाच टाकले की व्हॉट्सअ‍ॅप त्यांचा चौकोनी गठ्ठा बांधतं आणि आधी कोण, मागून कोण, ते मायला कळत नाही. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेच्या माहेरपणाला, तिनं झोका धाडला, मग खापरावरचा पुरणाचा मांडा, मग एसटी. इतकं सरळ वाक्य मी कधी वाचलं नसेल. झोका नेटवरचा, कुठल्याशा बंगल्यातला होता, आपल्या निंबाला बांधलेला नव्हे. पण मागून मांडा आला, म्हणून चुकले नाही.

राग, रुसवा, आठवण यांना आमच्याकडे अजून फोटो नाही. माय अशा वेळी काहीच धाडत नाही. दोन दिवस फोन गप्प राहिला की मी पिशवी भरते.

आणि अडलं तर शेजारच्या पोराला विचारायला जाऊ देऊ नका. तो टाईप करून मोकळा होतो.