डबे सगळ्यात शेवटी: शून्य कचऱ्याची तयारी

आसपासची चार-पाच गावं मिळून शून्य कचऱ्याच्या, म्हणजे पुरायला वा जाळायला जवळपास काहीच न उरण्याच्या, मागे लागणार असाल, तर रंगीत डब्यांची ऑर्डर तूर्त थांबवा. आधी एक ताडपत्री, हातमोजे, वजनकाटा आणि वही आणा. आठवडाभराचा कचरा ओतून ओला, कागद, काच, धातू, प्लास्टिक, कापड असे ढीग करा आणि वजनं लिहून ठेवा. कशातच न बसणारा जो ढीग उरेल, तो नीट उचकून पाहा. इटलीतल्या कापान्नोरीने २००७ साली शून्य कचऱ्याचं धोरण स्वीकारलं. तिथे या उरलेल्या ढिगात कॉफीच्या कॅप्सूल (यंत्रात एकदा वापरून फेकायच्या कॉफीच्या छोट्या डब्या) फार सापडल्या, तेव्हा गावाने थेट उत्पादकांनाच गाठलं.

मग ओला कचरा. जगभरच्या कचऱ्यात अन्न आणि पालापाचोळा मिळून सुमारे ४४ टक्के भरतो, त्यामुळे इथे जम बसला की निम्मी लढाई जिंकली. खतासाठी जागा सगळेच शोधतात. सुका पाला साठवायला छप्पर लागतं, हे मात्र हमखास विसरलं जातं. पाला संपला की ढीग ओलागच्च होतो, आत हवा खेळत नाही, घाण वास सुटतो आणि तक्रारी सुरू. लांब दांड्याचा थर्मामीटरही घ्या. ढिगाचा गाभा सलग तीन दिवस तरी ५५ अंशांच्या वर राहायला हवा, आणि ढीग उलथवून प्रत्येक भागाला ती धग मिळायला हवी. तरच रोगजंतू मरतात.

सुक्याचं वर्गीकरण ठरवण्याआधी तो घेणार कोण, हे विचारून या. आज भंगार वेचून पोट भरणाऱ्यांना पहिल्याच बैठकीला बोलवा. कशाला भाव आहे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. एकट्या गावाचा माल ट्रकभर होत नाही, म्हणून गठ्ठे बांधायचं यंत्र आणि गोदाम सामायिक ठेवा. बॅटऱ्या, ट्यूबलाइट, जुनी औषधं यांची पेटी वेगळी, कुलूपबंद.

आकडा जपून जाहीर करा. जपानमधल्या कामिकात्सूने २००३ मध्ये घोषणा करून २०२०ची मुदत ठेवली, चाळीसहून अधिक प्रकारांत कचरा वेगळा केला, तरी पुनर्वापराचं प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपासच पोचलं. डायपरसारख्या वस्तूंपुढे शिस्तही हात टेकते.

आता डबे घ्या. आणि सहा महिन्यांनी तीच ताडपत्री पुन्हा अंथरायची तारीख वहीत आजच लिहून ठेवा.