जर्मनीत बीफचं लेबल वाचताना या चुका टाळा

जर्मनीत राहायला आलेला मराठी माणूस सुपरमार्केटातल्या मांसाच्या कपाटापुढे दोन कारणांनी घुटमळतो. वसईचा किंवा गोव्याचा कुणी ख्रिस्ती असेल तर चांगलं बीफ शोधत असतो, आणि ज्याच्या घरात बीफ चालत नाही तो ते चुकून टोपलीत येऊ नये म्हणून पाकिटं उलटीपालटी करत असतो. लेबल दोघांपुढे तेच असतं. दोघं चुकतात तेही सारखंच. लेबलवरची प्रत्येक खूण एकाच प्रश्नाचं उत्तर देत असते आणि आपण ते उत्तर भलत्याच प्रश्नाला जोडून मोकळे होतो.

सगळ्यात जास्त फसवते ती लंबगोल खूण. पाकिटाच्या कोपऱ्यात छोटी अंडाकृती चौकट असते. तिच्यात वर ‘डीई’, मग काही अक्षरं-आकडे आणि खाली ‘ईजी’ (युरोपीय समुदायाचं जर्मन लघुरूप) असं छापलेलं असतं. डीई म्हणजे डॉइचलांट, तेव्हा मांस जर्मन, असं धरून लोक पाकीट उचलतात. ही खूण फक्त एवढंच सांगते की मालावर शेवटचं काम, म्हणजे कापणं किंवा पाकीटबंद करणं, कुठल्या मान्यताप्राप्त कारखान्यात झालं. जनावर उरुग्वेचं असू शकतं, आयर्लंडचंही असू शकतं. तीच खूण दुधाच्या पिशवीवर आणि चीजवरही असते, तिथेही गाय कुठल्या गावची हे तिच्यावरून कळत नाही.

देश शोधायचा तो वेगळ्या ओळींमध्ये. ‘गेबोरन’ म्हणजे जन्म, ‘आउफगेत्सोगन’ किंवा ‘गेमेस्टेट’ म्हणजे वाढवलं, ‘गेश्लाख्टेट’ म्हणजे कत्तल, ‘त्सेरलेग्ट’ म्हणजे कापणी. कत्तल आणि कापणीच्या ओळींत देशासोबत त्या कारखान्याचा मान्यता क्रमांकही असतो, शिवाय त्या मांसाचा माग जनावरापर्यंत किंवा जनावरांच्या गटापर्यंत काढता यावा म्हणून एक संदर्भ क्रमांक. जन्म, वाढ आणि कत्तल एकाच देशात झाली असेल तर त्या तिन्हींऐवजी ‘हेरकुन्फ्ट’, म्हणजे मूळ, एवढी एकच ओळ पुरते. युरोपाबाहेरून आलेल्या मांसाची सगळी माहिती मिळत नसेल तर मूळ ‘बिगर-ईयू’, म्हणजे युरोपीय संघाबाहेरचं, असं लिहून कत्तलीचा देश द्यायचा अशी मुभा आहे. ‘बिगर-ईयू’ हा शब्द पाहून दचकायचं कारण नाही. युरोपीय संघाने मान्य केलेल्या कत्तलखान्यातूनच ते मांस येऊ शकतं आणि रॉटरडॅम किंवा हॅम्बुर्गसारख्या बंदरातल्या तपासणी नाक्यावरून पास होऊनच पुढे जातं.

एवढा काथ्याकूट बीफच्याच वाट्याला का, तर ‘मॅड काऊ’मुळे. मार्च १९९६मध्ये ब्रिटिश सरकारने संसदेत कबूल केलं की गायींच्या या रोगाचा माणसांच्या मेंदूच्या एका जीवघेण्या आजाराशी संबंध असू शकतो. जर्मनी तेव्हा आपल्या गोठ्यात हे नाही म्हणून निर्धास्त होती. नोव्हेंबर २०००मध्ये इथेच जन्मलेल्या जनावरात रोग सापडला आणि जानेवारी २००१मध्ये आरोग्यमंत्री आंद्रेया फिशर आणि कृषिमंत्री कार्ल-हाइन्त्स फुंके, दोघांनाही पायउतार व्हावं लागलं. जन्म आणि वाढीच्या देशासकट पूर्ण लेबल १ जानेवारी २००२पासून सक्तीचं झालं. सुट्या बीफलाही हा नियम लागू आहे. त्यामुळे काउंटरवर फलक दिसला नाही तर खाटकाला विचारायला लाजू नका, ती माहिती देणं त्याच्यावर बंधनकारक आहे.

खिम्याच्या पाकिटावर जन्माची ओळ शोधून ‘लेबल अर्धवट आहे’ अशी तक्रार मात्र करू नका. खिम्याला सूट आहे. कत्तल कुठे झाली आणि खिमा कुठे केला एवढं पुरतं, आणि मूळ देश वेगळा असेल तर तो. खिम्यात खरा घोळ वेगळाच होतो. ‘गेमिश्टेस हाकफ्लाइश’, म्हणजे मिश्र खिमा, हा इथल्या घराघरातला माल. मिश्र म्हणजे बीफ आणि डुक्कर. बीफ न खाणारा आणि डुक्कर न खाणारा, दोघांनाही एकाच पाकिटात गाठायची ही जर्मन किमया. निव्वळ बीफचा हवा असेल तर ‘रिंडरहाकफ्लाइश’ हा अख्खा शब्द वाचा.

तयार पदार्थांच्या बाबतीत गैरसमज आणखी मोठा आहे. लझान्या, भरलेले पाव, सूपचे डबे यांना वरच्या जन्म-वाढ-कत्तलीच्या ओळी लागत नाहीत. २०१३च्या जानेवारीत आयर्लंडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बीफ बर्गरचे २७ नमुने तपासले तेव्हा १०मध्ये घोड्याचा आणि २३मध्ये डुकराचा डीएनए निघाला होता, आणि त्यानंतर युरोपभर लझान्याची खोकी कपाटांवरून उतरवावी लागली. त्याला बरीच वर्षं झाली, तरी तयार पदार्थातल्या मांसाचा पूर्ण प्रवास छापण्याची सक्ती आजही नाही. १ एप्रिल २०२०पासून इतकं झालंय की पदार्थ एका देशाचा म्हणून विकला आणि मुख्य घटक दुसरीकडचा असला, तर तसं सांगावं लागतं. हॉटेलात तर विचारूनच घ्या. फ्रान्समध्ये हॉटेलांना बीफचा देश सांगण्याची सक्ती २००२पासून आहे, जर्मनीत नाही.

बीफ टाळणाऱ्यांसाठी इथेच थोडं थांबायला हवं. घटकांच्या यादीत ‘गेलाटीन’, म्हणजे जिलेटीन, लिहिलं की पुरे, ते कुठल्या प्राण्याचं हे सांगायची सक्ती नाही. ‘टीअरिशेस फेट’, म्हणजे प्राणिज चरबी, याचंही तेच. ई-४७१ हा तेल-पाणी एकजीव ठेवणारा घटक वनस्पतीचाही असतो, प्राण्याचाही. पलीकडे बेल्जियमला सहलीला गेलात तर तिथले नावाजलेले बटाट्याचे फ्राइज पारंपरिक पद्धतीत गाई-बैलांच्या चरबीत तळतात, आणि सुट्या कागदी पुडक्यावर लेबल कुठलं असायला! विचारा, सांगतात. जिलेटीनच्या गोळ्यांवर हलालचा शिक्का असेल तर त्यातून डुक्कर गेलं, गाय गेली असं नव्हे. उलट तिथे ‘रिंडरगेलाटीन’, म्हणजे गाई-बैलांचं जिलेटीन, असण्याचीच शक्यता जास्त.

जातीचं नाव म्हणजे देश, ही चूक महागात पडते. अँगस ही जात आहे आणि ती आज जगभर पाळतात. वाग्यूचंही तेच, ऑस्ट्रेलियात आहे, जर्मनीतही आहे. कोबे मात्र जातीचं नाव नसून जपानमधलं भौगोलिक नाव आहे आणि त्याला युरोपात २०१९पासून कायद्याचं संरक्षण आहे. जपानी जनावराला दहा आकडी ओळख क्रमांक असतो, मेनूकार्डावर ‘कोबे’ वाचून खिसा रिकामा करण्याआधी तो विचारायला हरकत नाही. अमेरिकेतून इकडे बदली झालेल्यांची सवय आणखी निराळी. तिथे बीफवरची देशाची सक्ती डिसेंबर २०१५मध्येच उठली, आणि ‘प्राइम’, ‘चॉइस’ हे शिक्के दर्जाचे आहेत, देशाचे नाहीत. वाढीसाठी संप्रेरकं दिलेल्या जनावरांचं मांस युरोपात १९८९पासून येऊ दिलं जात नाही, त्यामुळे इथे मिळणारं अमेरिकन बीफ वेगळ्या, संप्रेरकमुक्त कळपांतून आलेलं असतं.

आता घरी आणल्यावरच्या कटकटी. ट्रेमधलं लालभडक मांस ताजं आणि काळपट-जांभळं शिळं, असं नाही. ट्रेमध्ये मुद्दाम प्राणवायू जास्त भरतात, त्याने रंग खुलतो. लेबलवर ‘शुट्स-आटमोस्फेअर’ हा शब्द असतो तो त्याचाच. हवा काढून बंद केलेलं मांस जांभळट दिसणारच, उघडून ठेवलं की थोड्या वेळाने लाल होतं. दक्षिण अमेरिकेतून जहाजाने कित्येक आठवडे थंड करून आलेलं असं पाकीट उघडलं की आंबूस वास येतो. अर्धा तास ताटात ठेवा. वास गेला तर ठीक, राहिला किंवा मांस बुळबुळीत लागलं तर दुकानात परत. खिम्यावरची ‘त्सू फरब्राउखन बिस’, म्हणजे ‘अमुक तारखेपर्यंत वापरा’, ही तारीख शेवटची आहे, त्यानंतर चव घेऊनही पाहू नका. ती तारीख कारखान्यात २ अंशांच्या आत ठेवलेल्या मालाची असते, आपल्या फ्रीजमध्ये बहुधा ६-७ अंश असतात. शिजवताना मधोमध ७० अंश दोन मिनिटं राहिले पाहिजेत.

मांस खराब निघालं तर पाकीट फेकण्याची घाई करू नका. संदर्भ क्रमांक आणि लंबगोल खूण त्याच्यावरच असते, आणि नुसतं मांस घेऊन गेलात तर गावच्या अन्न तपासणी कार्यालयालाही माग काढणं कठीण जातं. मागे घेतलेल्या मालाची सरकारी यादी ‘लेबेन्समिटेलवार्नुंग’ या पोर्टलवर रोज पाहता येते.

सुट्टीत भारतात जाताना बीफचे सूप-क्यूब किंवा डबे भेट म्हणून नेऊ नका. बीफ आणि बीफ असलेला कुठलाही पदार्थ भारतात आणायला बंदी आहे. परत येताना उलटा नियम लागतो: मांस तर नाहीच, पण आईने बांधून दिलेलं साजूक तूपही युरोपच्या कायद्यात बसत नाही. सुके बोंबील मात्र माणशी २० किलोपर्यंत चालतात, विमानात शेजारी बसणाऱ्याचं मत अर्थात वेगळं असू शकतं.